मोटारीने आखूड केलेला कोट

युरोप-अमेरिकेतल्या कपड्यांच्या दुकानांत ‘कार कोट’ या नावाचा एक ओव्हरकोट मिळतो. जाड लोकरीचा किंवा मेंढीच्या कातड्याचा, समोर मोठी बटणे, दोन्ही बाजूंना ऐसपैस खिसे. लांबी मात्र बेताची, मांडीच्या मध्यापर्यंत येऊन थांबणारी. नेहमीचा ओव्हरकोट गुडघ्याच्याही खाली जातो. शब्दकोश उघडला तर अर्थ सापडतो : मोटार चालवताना घालण्यासाठी मुळात तयार केलेला आखूड ओव्हरकोट. अर्थ बरोबर आहे. पण तो वाचून असे वाटते, की मोटार आली आणि ती चालवणाऱ्यांनी लगेच शिंप्याकडे जाऊन आखूड कोट शिवून घेतले. घडले ते उलटेच. मोटार आली तेव्हा कोट आधी लांब झाला, घोट्यापर्यंत पोचला, जाड झाला, त्याच्या आत फर आली आणि वर चामडे आले. तो मांडीपर्यंत आखडायला पुढे सुमारे पन्नास वर्षे जावी लागली. या पन्नास वर्षांत काय घडले ते आपण पाहणार आहोत. कपड्यांच्या फॅशनचा इतिहास म्हणून हा विषय बाजूला टाकण्याजोगा नाही, कारण त्यात आठवी-नववीच्या पुस्तकातले उष्णतेचे वहन, अभिसरण आणि इंजिनाची कार्यक्षमता हे सगळे येऊन जाते.

कार्ल बेन्झ याने १८८६ साली पेटंट घेतलेली तीन चाकांची गाडी ताशी सुमारे १६ कि.मी. वेगाने धावे. तिला छप्पर नव्हते, समोर काच नव्हती, दारे नव्हती. बसायला एक बाक आणि पुढे दिशा देण्यासाठी एक दांडा, एवढेच. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेन्झची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. अंतर शंभर कि.मी.हून थोडे अधिक. दिवस उन्हाळ्याचे होते म्हणून ठीक. वेगही घोडागाडीपेक्षा फारसा जास्त नव्हता. घोडागाडीत बसताना जे कपडे चालत, ते या गाडीतही चालून गेले.

मग वेग वाढू लागला. १८९९च्या एप्रिलमध्ये कामीय झेनात्झी या बेल्जियन चालकाने पॅरिसजवळ ताशी १०० कि.मी.ची मर्यादा ओलांडली. त्याचे वाहन लांबट गोळ्याच्या आकाराचे होते आणि तो त्याच्यावर कमरेपासून वर उघडा बसला होता. (ते वाहन विजेवर चालणारे होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, शेवटी पुन्हा उपयोगी पडेल.) इंग्लंडमध्ये १८६५च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच परवानगी होती. त्यांच्यापुढे एका माणसाने चालत जावे, असाही दंडक होता. १८९६मध्ये हा दंडक गेला आणि १९०३च्या कायद्याने मर्यादा ताशी २० मैलांवर, म्हणजे ३२ कि.मी.वर नेली. प्रत्यक्षात लोक ती पाळत नसतच. उघड्या गाडीत बसून थंडीच्या दिवसांत ताशी ४०-५० कि.मी. वेगाने जाणारा माणूस ही इतिहासातली नवीच गोष्ट होती. घोडेस्वार तेवढा वेग गाठतो, पण काही मिनिटेच; शिवाय घोड्यावर त्याचे अंग सतत हलत असते आणि खालून घोड्याची ऊब मिळत असते.

येथे थोडे विज्ञान पाहू. आपल्या त्वचेलगत आणि कपड्यांलगत काही मिलिमीटर जाडीचा हवेचा एक स्थिर थर असतो. हवा ही उष्णतेची मंदवाहक. लोकरीच्या कपड्याची ऊब मुख्यतः लोकरीच्या तंतूंची नसते, ती तंतूंच्या मध्ये अडकलेल्या हवेची असते. ही हवा जागची हलली नाही, तरच तिचा उपयोग. वारा सुटला की त्वचेजवळचा थर पातळ होतो आणि कापडातली गरम हवा बाहेर रेटली जाऊन तिच्या जागी थंड हवा येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर कापडावर पडणारा त्याचा दाब चौपट होतो. म्हणून घरात किंवा निवांत रस्त्यावर झकास ऊब देणारा सैल विणीचा लोकरी कोट वाऱ्यात चाळणीसारखा वागतो.

वारा आणि थंडी यांचे हे नाते मोजले गेले ते बऱ्याच उशिरा. १९४१च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर पॉल साइपल आणि चार्ल्स पॅसल या दोघा अमेरिकनांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगले आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते टिपून ठेवले. किती साधा प्रयोग! शाळेतही त्याची धाकटी आवृत्ती करता येईल : दोन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी घ्यावे, एक पंख्यासमोर आणि एक कोपऱ्यात ठेवावा आणि दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवावे. डब्यांवर झाकणे घट्ट हवीत, नाहीतर बाष्पीभवनाचा परिणाम यात मिसळेल. साइपल-पॅसल यांच्या कल्पनेवरून पुढे जी सूत्रे बनली, त्यांतले अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१मध्ये स्वीकारलेले सूत्र वापरून आम्ही काही आकडे काढले. हवेचे तापमान ०° सेल्सियस असेल आणि माणूस ताशी २० कि.मी.च्या वाऱ्याला तोंड देत असेल, तर उघड्या चेहऱ्याला उणे ५ अंशांइतकी थंडी जाणवते. ४० कि.मी.ला उणे ७ आणि ६० कि.मी.ला उणे ९. म्हणजे वेगाच्या पहिल्या थोड्या वाढीने मोठा फटका बसतो, त्यानंतरची वाढ तुलनेने कमी बोचते. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरातल्या १० अंशांच्या सकाळी ताशी ४० कि.मी.ने दुचाकीवरून शाळेत येणाऱ्या शिक्षकांना जी हुडहुडी भरते, ती वारा नसलेल्या ६ अंशांची असते. स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र धरण्याची जी युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे, ती याच तत्त्वावर चालते. कागद काही ऊब देत नाही. तो वारा अडवतो आणि स्वेटरमधली हवा जागेवर ठेवतो.

मोटार चालवणाऱ्याची आणखी एक अडचण होती. तो बसलेला असे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते, भराभर चालणाऱ्याचे त्याच्या जवळजवळ तिप्पट. पायी जाणारा आपल्या अंगातल्या भट्टीवर गरम राहतो. मोटारीतल्या माणसाची भट्टी मंद आणि वारा मात्र जोराचा.

यावर उपाय म्हणून जे कपडे निघाले, ते आज पाहिले तर हसू येईल. १९०० ते १९१०च्या दरम्यानच्या छायाचित्रांतले मोटारवाले अस्वलासारखे दिसतात. फरचे घोट्यापर्यंतचे कोट, कानांवर ओढलेल्या टोप्या, डोळ्यांना मोठे गॉगल, कोपरापर्यंत येणारे चामडी हातमोजे. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८मधल्या ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या पुस्तकात मोटारीचे वेड लागलेला एक श्रीमंत बेडूक आहे. त्याला लेखकाने असाच भलामोठा ओव्हरकोट आणि गॉगल चढवले आहेत. त्या काळच्या वाचकाला त्यात कुणाची थट्टा आहे, हे सांगावे लागत नसे.

पण थट्टा बाजूला ठेवली, तर त्या कोटांमागे बराच विचार होता. चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३मध्ये पेटंट घेतलेले रबराचा थर दिलेले कापड वारा-पाऊस पुरता अडवी, पण घामही अडवी. आतून भिजलेला माणूस थंडीत अधिकच गारठतो. इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोकचा कापडवाला टॉमस बर्बेरी याने १८७९मध्ये गॅबर्डीन तयार केले आणि १८८८मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याने विणलेल्या कापडावर थर चढवण्याऐवजी आधी सुतालाच पाणी न धरणारे केले आणि मग ते अतिशय घट्ट विणले. वारा आत शिरेना, पण घामाच्या वाफेला बाहेर पडायला सुतांमधून वाट राहिली. हे कापड शिकारी, ध्रुवप्रदेशात जाणारे शोधप्रवासी आणि मोटारवाले अशा तिघांनी एकदमच उचलले, यात नवल नाही. तिघांचा शत्रू एकच होता. लंडनमधल्या आल्फ्रेड डनहिलचे उदाहरणही बोलके आहे. वडिलांकडून १८९३मध्ये त्याच्याकडे आला तो घोड्यांच्या खोगिरांचा व सरंजामाचा धंदा. घोड्यांचे दिवस सरत आल्याचे ओळखून तो मोटारवाल्यांचे कोट, गॉगल, घड्याळे, दिवे विकू लागला. मोटार सोडून मोटारीचे सगळे काही आमच्याकडे मिळेल, अशी त्याची जाहिरात असे. घोड्याच्या अंगावर चढणारे चामडे त्याने माणसाच्या अंगावर चढवले, असे म्हटले तरी चालेल.

उन्हाळ्यात थंडीचा प्रश्न नव्हता, पण धूळ होती. तेव्हाचे चांगले रस्ते स्कॉटलंडच्या मॅकॅडमने १८२०च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीचे होते. फोडलेल्या खडीचे थर, आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारी बारीक भुकटी. घोड्यांचे नाल आणि लोखंडी धावांची चाके खडी दाबत, तिची भुकटी करत आणि रस्ता आणखी बसत जाई. मोटारीच्या हवा भरलेल्या वेगवान टायरांनी ही सगळी घडी विस्कटली. टायरामागे हवा ओढली जाऊन रस्त्याला धरून ठेवणारी भुकटीच उडू लागली. म्हणून ताग्यातून कापून काढल्यासारखे फिक्या रंगाचे, तागाच्या किंवा सुती कापडाचे, गळ्यापासून घोट्यापर्यंतचे ‘डस्टर’ कोट आले. रंग फिका, कारण धूळ त्यावर कमी दिसते. मोटारीतल्यांना डस्टर कोट तरी होता. रस्त्याकडेच्या खेड्यांतल्या लोकांना तोही नव्हता. घरातली भांडी, वाळत घातलेले कपडे, कुंपणालगतची पिके यांवर धुळीचे थर बसत आणि इंग्लंडमध्ये त्याविरुद्ध मोठा आरडाओरडा झाला. मोनॅकोत डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती यांनी १९०२मध्ये रस्त्यावर डांबर ओतून पाहिले. इंग्लंडमध्ये एडगर हूली याने त्याच साली खडी आणि डांबर यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. १९०९च्या कायद्याने तेथे रस्ते सुधारण्यासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद झाली आणि त्याचा पैसा मोटारी व पेट्रोल यांवरच्या करांतून आला. डांबर पसरत गेले तसतसा डस्टर कोट नाहीसा होत गेला. कोटाचे पहिले काम रस्त्याने काढून घेतले.

लांब कोटाचा धोकाही कमी नव्हता. गाडी सुरू करायची म्हणजे पुढे जाऊन हँडल मारायचे. शेजारीच उघडे पट्टे आणि साखळ्या, आणि अंगावर घोट्यापर्यंतचे घोळदार वस्त्र! स्त्रियांची अवस्था आणखी कठीण. रुंद टोप्या जाळीदार कापडाने हनुवटीखाली बांधाव्या लागत. ब्रिटिश मोटारचालक डोरोथी लेव्हिट हिने १९०९मध्ये स्त्रियांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिले. त्यात तिने झालरी आणि लोंबते कपडे टाळायला सांगितले आहे. तसेच जवळ एक हातआरसा ठेवावा आणि मागून येणारी गाडी त्यात पाहावी, असेही सुचवले आहे. मोटारींना मागचे दाखवणारे आरसे लागण्यापूर्वीची ही गोष्ट. लोंबत्या वस्त्राचे पुढे काय होऊ शकते, हे १४ सप्टेंबर १९२७ला फ्रान्समधल्या नीस शहरात जगाला दिसले. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन उघड्या मोटारीत बसली, तिच्या गळ्यातली लांब ओढणी मागच्या चाकात अडकली आणि ती जागीच गेली. आपल्याकडे दुचाकीच्या मागच्या चाकात ओढणी किंवा साडीचा पदर अडकून होणारे अपघात याच जातीचे. ‘साडी गार्ड’ नावाची जाळी त्यासाठीच असते.

काच, टप आणि उरलेला माणूस

समोर काच लावण्याची कल्पना लवकरच आली, पण पहिल्या पिढीच्या पुष्कळ गाड्यांना काच आणि टप यांचे पैसे वेगळे मोजावे लागत. काचेने नवे प्रश्न आणले. पाऊस-बर्फाने ती आंधळी होई. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईंनी न्यूयॉर्कच्या ट्रॅमचा चालक बर्फ पुसण्यासाठी काच उघडून कुडकुडताना पाहिला आणि १९०३मध्ये आतून दांड्याने फिरवता येणाऱ्या वायपरचे पेटंट घेतले. अपघातात काचेचे तुकडे तलवारीसारखे येत. फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस याने १९०९मध्ये दोन काचांमध्ये पातळ पारदर्शक थर चिकटवून न विखुरणारी काच पेटंट केली. एवढे झाल्यावर काचेने चालकाच्या छातीवरचा वारा अडवला. कोटाचे दुसरे काम गेले.

पण हे सगळ्यांच्या वाट्याला एकाच वेळी आले नाही. या इतिहासातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

घोडागाडीच्या काळात मालक आत बसे आणि गाडीवान बाहेर उंचावर. मोटारीच्या सांगाड्यावर बंद खोली चढवणाऱ्या कारागिरांनी हीच पद्धत पुढे चालू ठेवली. श्रीमंतांच्या गाड्यांत मागे काचा, गाद्या, पडदे यांनी सजवलेली बंद खोली आणि पुढे चालक उघड्यावर. मालक बोलण्याच्या नळीतून हुकूम सोडी. गाडीत छप्पर नव्हते असे नाही; ज्याच्या डोक्यावर ते सर्वांत जास्त वेळ असायला हवे, त्याच्या डोक्यावर ते नव्हते. त्याला दिला जाई गणवेशाचा दुहेरी बटणांचा जड कोट. पुढच्या जागेवर छप्पर टाकणे तंत्राच्या दृष्टीने मुळीच अवघड नव्हते. चालक बाहेर बसलेला दिसणे ही प्रतिष्ठेची खूण होती. अशा धर्तीच्या गाड्या १९३०च्या दशकातही बांधल्या जात होत्या.

लंडनच्या बसचालकांची कथा वेगळ्या कारणाने तशीच आहे. १९१०पासून धावणाऱ्या प्रसिद्ध बी-टाइप बसचा चालक इंजिनाच्या मागे उघड्यावर बसे. वरच्या मजल्यावरचे उतारूही उघड्यावर बसत. त्या मजल्याला छप्पर येऊ लागले १९२५च्या सुमारास. चालकासमोर काच मात्र १९२०चे दशक संपत येईपर्यंत नव्हती, कारण बसगाड्यांना परवाने देणारे पोलिसखाते तिला मान्यता देत नव्हते. काचेमुळे चालकाला नीट दिसणार नाही आणि ती फुटली तर इजा होईल, अशी भीती होती. भीती अगदीच खोटी नव्हती. पण हिशेब करून पाहा : २ अंशांच्या सकाळी ताशी २० कि.मी.ने जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर उणे ३ अंशांची थंडी, तीही एका फेरीपुरती नव्हे, पाळीभर आणि हिवाळाभर. थंडीने बधिर झालेली बोटे ब्रेकचा दांडा किती चपळाईने ओढणार? चालकाला ऊब देणे ही त्याच्यावरची मेहेरबानी नव्हती. रस्त्यावरच्या सगळ्यांच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न होता. तोवर बसचालकाचे संरक्षण म्हणजे जाडजूड कोट आणि मांड्यांवर बांधलेले जलरोधक आच्छादन.

सर्वसामान्य खाजगी गाडी बंद झाली ती अमेरिकेत, आणि फार झपाट्याने. १९१९च्या सुमारास तेथे तयार होणाऱ्या दहा गाड्यांपैकी नऊ उघड्या होत्या. १९२९पर्यंत दहांपैकी नऊ बंद. बंद गाडी आधी महाग पडे, कारण तिचा सांगाडा लाकडाचा असे, हाताने बनवावा लागे आणि रंग वाळायला आठवडे लागत. दाबून घडवलेले पोलादी पत्रे, स्वस्त काच आणि १९२३-२४च्या सुमारास आलेला झटपट वाळणारा रंग यांनी चित्र पालटले. हडसन कंपनीच्या एसेक्स गाडीचे बंद रूप १९२५ साली उघड्यापेक्षा स्वस्त झाले. कोटाचे तिसरे काम, पावसाचे, छपराने घेतले.

इंजिनाची वाया जाणारी उष्णता

आता राहिली नुसती थंडी. बंद गाडीत वारा नसतो, पण पत्र्याची पेटी गारच असते. सुरुवातीला लोक पायाशी तापवलेल्या विटा, निखाऱ्यांच्या पेट्या आणि गुडघ्यांवर घोंगड्या घेत. खरे तर पुढ्यातच एक मोठी भट्टी पेटलेली असते. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांशच ऊर्जा चाके फिरवायला लागते. तेवढीच धुराबरोबर आणि तेवढीच थंड करण्याच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. जुन्या इंजिनांत तर कामाला येणारा वाटा याहून कमी होता. प्रथम धुराच्या नळीचीच उष्णता आत घेण्याचे प्रयत्न झाले, पण नळीला बारीकसे छिद्र पडले तरी कार्बन मोनॉक्साइड आत येई. त्याला वास नाही, रंग नाही. १९३०च्या दशकात वेगळी पद्धत रूढ झाली : इंजिनातून तापून आलेले पाणी डॅशबोर्डाखालच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचे आणि त्यावरून पंख्याने हवा सोडायची. नॅश कंपनीने १९३८मध्ये बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून आत घेण्याची सोय केली आणि पुढच्या वर्षी तिला तापमान आपोआप राखणारे नियंत्रण जोडले. गाडीला लागणारी ही सगळी ऊब फुकटची, एरवी हवेत सोडून द्यायची. कोटाचे चौथे आणि मुख्य काम इंजिनाने काढून घेतले.

याच काळात, १९४१मध्ये, गॅगी, बर्टन आणि बॅझेट यांनी कपड्यांची ऊब मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक सुचवले. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल एवढा पोशाख, साधारण कोट-पाटलोण-जाकीट, म्हणजे १ क्लो. तापवलेल्या मोटारीत तेवढे पुरते. मग त्यावर घातलेला घोट्यापर्यंतचा कोट अडगळ होतो.

अडगळ कशी, हे वर्गात करून दाखवता येईल. एखाद्या मुलाला पोटरीपर्यंतचा रेनकोट घालून खुर्चीत बसायला सांगा आणि मग दोन्ही हात समोर धरून काल्पनिक चाक फिरवायला सांगा. उभे असताना सरळ लोंबणारा मागचा भाग बसल्यावर मांड्यांखाली दबतो. हात पुढे केले की कापड खांद्यांवर ताणते, गळ्याशी काचते. पुढची टोके पायांत येतात, आणि पायांना तर क्लच-ब्रेकवर काम असते. आता रेनकोट मांडीच्या मध्यापर्यंत दुमडून टाचण्या लावा आणि पुन्हा बसवा. फरक मुलांना स्वतःच सांगता येईल. घोडेस्वारांसाठी कोटाला पाठीमागे चीर आली होती, ती आजही कोटाला असते. मोटारीने चिरेवर न थांबता खालचा भागच काढून टाकला. पुष्कळ कार कोटांची बाही ‘रॅग्लन’ पद्धतीची, म्हणजे शिवण खांद्यावरून न जाता गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी जाणारी असते. तिने हात मोकळे फिरतात. हे नाव वॉटर्लूच्या लढाईत १८१५मध्ये हात गमावलेल्या लॉर्ड रॅग्लनवरून पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा कोट घरोघरी पोचला. तेथे १९४५मध्ये सुमारे २ कोटी ५८ लाख मोटारी होत्या. १९५०मध्ये ४ कोटींच्या घरात आणि १९६०मध्ये ६ कोटींवर. १९४७पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे दुकान, शाळा, आगगाडीचे स्थानक सगळे मोटारीच्या अंतरावर. घर तापवलेले, गाडी तापवलेली, दुकान तापवलेले. थंडीत उघड्यावर चालायचे ते गाडीपासून दारापर्यंत. त्या तीस-चाळीस पावलांचा कपडा म्हणजे कार कोट. गाड्याही बुटक्या झाल्या होत्या. पायरीवर चढून उभ्याने शिरण्याऐवजी वाकून, सरकून आत बसावे लागे. पुरुष, बायका, मुले सगळ्यांसाठी हे कोट निघाले. ब्रिटनमध्ये मात्र हीटर बराच काळ जादा पैसे देऊन बसवून घ्यायची वस्तू होती. १९५९मध्ये आलेल्या साध्या मिनी गाडीतही तो मूळ किमतीत नव्हता. म्हणून तेथल्या कार कोटाला लांबी नव्या युगाची, पण जाडी जुन्या युगाची मिळाली : मेंढीचे कातडे, लोकर आत आणि चामडे बाहेर. वारा अडवायला चामडे आणि हवा धरायला लोकर, हेच १९०५च्या मोटारवाल्याचेही शास्त्र होते. मोटारीत समोर जो छोटा खण असतो, त्याला इंग्रजीत अजून हातमोज्यांचा खण म्हणतात. आपल्याकडे त्यात हातमोजे कोणी ठेवलेले आम्ही पाहिलेले नाहीत.

पुढे गाड्या इतक्या उबदार झाल्या, की हा आखूड कोटही गाडीत काढून ठेवण्याची वस्तू झाली. व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन याने १९५९मध्ये तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला, त्याने आणखी एक कारण मिळाले. जाड कोटावर बांधलेला पट्टा घट्ट वाटतो, पण आघात होताच कोटातली हवा दबते आणि पट्टा काही सेंटिमीटर सैल पडतो. थंड देशांत लहान मुलांना गाडीतल्या बैठकीवर बांधताना आधी जाड कोट काढायला सांगतात, ते यासाठी. ज्या हवेमुळे ऊब मिळते, तीच हवा येथे नडते.

आणि आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. नॉर्वेत २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवर चालणाऱ्या होत्या. विजेच्या मोटारची कार्यक्षमता इतकी चांगली, की तिच्यात वाया जाणारी उष्णता फार थोडी. गाडी तापवायची तर बॅटरीतलीच ऊर्जा खर्च करावी लागते. शहरात सावकाश चालताना गाडीला सरासरी पाचेक किलोवॅट लागत असतील आणि साधा विजेचा हीटर आणखी तीनेक किलोवॅट घेत असेल, तर एका भरणीत कापता येणारे अंतर किती घटेल, याचे गणित मुलांना घालता येईल. म्हणून अशा गाड्यांत हवेतली उष्णता आत खेचणारे उष्णता-पंप बसवतात आणि बैठक व चालकाच्या हातातले चाक विजेच्या तारांनी तापवतात. बैठकीला शंभर वॅटच्या आतबाहेर पुरतात, कारण ती खोलीभर हवा न तापवता थेट माणसालाच तापवते. कडाक्याच्या थंडीत लांबच्या प्रवासाला निघालेले काही चालक हीटर कमी ठेवून कोट अंगावरच राहू देतात, आणि तो मांडीपर्यंतचाच असतो. मागच्या बाकावरची मुले मात्र कोट काढून, पट्टा बांधून, वरून घोंगडी पांघरून बसतात.